शुद्ध मिठाचं पाणी

मार्तंड कोरान्नेला देवासात कोणी विचारलं, "काय करता?" तर तो म्हणायचा, "दवाखान्यात आहे." कोणत्या, ते सांगायचा नाही. समोरच्यानं फारच खोदलं तर "लॅबमध्ये" म्हणून तो विषय गावाबाहेर नेऊन सोडायचा. ही लबाडी नव्हती, सवय होती. तो दवाखाना कुष्ठरोग्यांचा होता. चौऱ्याहत्तर साली तिथे नोकरी लागली तेव्हा शेजारचे मोरोपंत त्याच्या हातून पेपरसुद्धा घेईनात. म्हणजे घ्यायचे, पेपर फुकटचा होता. पण "तिथे ओट्यावर ठेव" म्हणायचे.

कोरान्ने मूळचे धारचे. आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. संस्थान गेलं, दफ्तर गेलं, आणि घराण्याकडे उरलं ते सोवळं. वडील, तात्या, देवासला येऊन मास्तर झाले आणि लवकर वारले. मागे राहिल्या मार्तंडाच्या आई, अक्का, आणि त्यांच्याबरोबर सगळं धर्मशास्त्र. कोणाचं सुतक कोणाला किती दिवस, सोयर असताना कुलाचार कोणी करायचा, कुठे नुसती आंघोळ पुरते आणि कुठे पुरत नाही, असले पेच घेऊन सगळी आळी अक्कांकडे यायची. मोरोपंत स्वतः पंचांग बाळगून होते, पण ऐन वेळी तेही भिंतीपलीकडून ओरडायचे, "अक्का, पुतण्याच्या सासऱ्याचं काय हो?" अक्का डाळ निवडता निवडता निकाल द्यायच्या आणि त्यावर अपील नसे.

मुलाच्या नोकरीवरही त्यांनी असाच निकाल दिला होता. नोकरी करायची, पण घरात यायचं ते मागच्या दारानं. आधी आंघोळ, मग चहा. "रोग्याची सेवा पुण्याचीच आहे," त्या म्हणाल्या, "पण ते पुण्य अंगावर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात यायचं नाही." मार्तंडानं ही अट कधी मोडली नाही. थंडीत कुडकुडला, पण मोडली नाही. बायको प्रेमला आधी हसायची, मग तिनंच मागच्या दाराशी गरम पाण्याची बादली ठेवायला सुरुवात केली.

दवाखान्यातलं काम तसं ठरलेलं होतं. रोग्याच्या कानाच्या पाळीतून थेंबभर रस घ्यायचा, काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघायचा. लाल काड्या दिसल्या तर जंतू आहेत, नाही दिसल्या तर नाहीत. मार्तंड रोग्यांशी वाईट वागायचा असं नाही. सुई हळू टोचायचा, नाव घेऊन हाक मारायचा. पण दुपारचा डबा मात्र व्हरांड्याच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून खायचा, आणि कोणी काही हातात द्यायला आलं तर त्याला नेमकी तेव्हाच कामाची आठवण व्हायची.

मग चौऱ्याऐंशीत डॉक्टर विद्युल्लताबाई मुंबईहून शिकून परत आल्या. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न घुसला होता. या रोगात काही माणसांचं रक्त जंतूंशी लढतच नाही. इतर रोगांशी लढतं, याच्याशी नाही. का? रक्तातल्या लढणाऱ्या पेशी मेलेल्या असतात की नुसत्या झोपलेल्या? हे बघायला रक्तातल्या पेशी बाहेर काचेत काढून, कुष्ठाच्या मेलेल्या जंतूंशी गाठ घालून, आठवडाभर जिवंत ठेवायच्या होत्या. साधनं म्हणाल तर काचेची एक पेटी, स्पिरिटचा दिवा आणि एक उबदार कपाट. पेशींना हवा कोंडलेली लागते. त्यासाठी बाईंनी झाकणाच्या बरणीत मेणबत्ती लावून वर झाकण घालायची युक्ती आणली होती. ज्योत आपोआप विझली की बरणी तयार.

या कामाला मार्तंडाचा हात बसला, आणि याचं श्रेय जातं अक्कांना. इथे हात लागला तिथे चालत नाही, हे कापडाला घासलं की बाद, भांड्याचं तोंड उघडं असताना वरून हात न्यायचा नाही, बोलायचं नाही: हे सगळं तो घरी लहानपणापासून शिकला होता. बाईंच्या बाटल्यांत बुरशी आली, त्याच्या बाटल्यांत आली नाही. बाई हसून म्हणाल्या, "मार्तंडराव, तुमच्या सोवळ्यावर मला एक प्रबंध लिहिता येईल." मार्तंड खूश झाला. घरी हे सांगावंसं वाटलं, पण रक्त, रोगी आणि सोवळं हे तीन शब्द एका वाक्यात अक्कांपुढे मांडायची छाती झाली नाही.

या प्रयोगासाठी रक्त देणाऱ्यांत गणोजी पहिला. गणोजी वाबळे धार जिल्ह्यातल्या सरदारपूरचा. त्याचा बाप धारच्या पागेत मोतद्दार होता, म्हणून मार्तंडावर त्याचा उगाच हक्क. "मार्तंड भिया, आपण दोघं धारचेच," म्हणायचा. "तुमचे आजोबा कलम चालवत, माझा बाप खरारा. सरकार एकच ना?" गोळ्यांनी त्याचा रोग केव्हाच थांबला होता. मार्तंडानंच त्याच्या काचपट्ट्या तपासून "साफ" म्हटलं होतं. पण डाव्या हाताची बोटं आखडली ती आखडली. दवाखान्याच्या बागेला पाणी घालायचं काम त्यानं मागून घेतलं आणि तिथेच राहिला.

"आता घरी जा की," मार्तंड त्याला म्हणायचा. "तुम्ही बरे झालात."

"जंतू मेले, भिया," गणोजी म्हणायचा, "पण त्यांच्यासंगं माझं खूनही मेलं. मुर्दा खून घेऊन कुणाच्या चुलीशी बसू? भावाच्या पोराला उचलायला जातो तर हातच पुढे होत नाही."

भाऊ आणि भावजय त्याला निराळ्या लोट्यात पाणी देत, हे खरं होतं. पण त्याहून वाईट हे होतं की गणोजीला ते बरोबर वाटायचं. बाईंनी त्याला प्रयोग समजावून सांगितला तेव्हा त्यानं एकच विचारलं, "मुर्दा आहे का सोया हुआ, ते कळेल ना?" कळेल, बाई म्हणाल्या. पण हे औषध नाही, यानं तुमची बोटं सरळ होणार नाहीत, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. गणोजीनं मान हलवली. बोटांचं त्याला काही नव्हतंच. त्याला फक्त ते उत्तर हवं होतं.

उत्तर मिळेल कशानं, तर एका कुपीनं. आपल्या शरीरात जंतू शिरले की एक पेशी ते ओळखते आणि बाकीच्यांना निरोप धाडते. निरोप म्हणजे काय, तर एक प्रथिन, इंटरल्युकिन. चोर एकानं पाहिला, पण हाक मारायला त्याचा आवाजच फुटला नाही, तर गाव झोपून राहतं. या रोगात तसंच होत असावं, असा बाईंचा अंदाज. तेव्हा तो निरोप बाहेरून काचेत घालून पाहायचा. पूर्वी हे प्रथिन मिळवायला बादलीभर रक्त लागायचं. आता परदेशात माणसाच्या पेशीतलं त्याचं सूत्र काढून साध्या जंतूच्या पोटात घालत होते, आणि तो जंतू माणसाचा निरोप रांधून द्यायचा. बाईंच्या एका मैत्रिणीनं तिकडून दोन कुप्या पाठवल्या आणि बजावलं, याउपर मागू नकोस.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात त्या कुप्या मुंबईहून इंदूरला रेल्वेनं आल्या. मार्तंड बर्फाचा थर्मास घेऊन स्टेशनावर हजर. परत येताना बसमध्ये शेजारच्यानं विचारलं, "कुल्फी है क्या, भिया?" मार्तंडानं थर्मास मांडीवरून पोटाशी घेतला. लॅबमध्ये येऊन कुपी उजेडात धरली तर आत काहीच दिसेना. तळाशी काचेवर श्वास सोडल्यासारखा पुसटसा पांढरा डाग. एवढ्यासाठी एवढा प्रवास! "हेच," बाई म्हणाल्या. "दिसत नाही म्हणून नाही असं समजू नका."

दुसऱ्या दिवशी गणोजीचं रक्त घ्यायचं होतं. आदल्या संध्याकाळी कुपी विरघळवून ठेवायची. बाईंनी मैत्रिणीनंच धाडलेली एक बाटली मार्तंडाच्या हातात दिली, पांढऱ्या भुकटीची. "मिठाच्या पाण्यात आधी ही चिमूटभर विरघळवा, मग त्यातच कुपी. विसरू नका." मार्तंडानं विचारलं, "हे काय असतं?" बाई वॉर्डाकडे निघाल्या होत्या. चालता चालता म्हणाल्या, "आल्ब्युमिन. गाईच्या रक्तातलं."

बाई गेल्या. मार्तंड बाटली हातात धरून उभा राहिला.

त्याच्यावर हसण्याआधी एवढं लक्षात घ्या, की या माणसानं बारा वर्षं कुष्ठाच्या जखमा हाताळल्या होत्या. भित्रा तो नव्हता. पण त्याच्या घरी रोज पहिला घास गाईला जायचा. वसुबारसेला अक्का कुठूनतरी सवत्स गाय दारात बोलावत आणि मार्तंड तिचे पाय धुवायचा. रक्त त्याला नवं नव्हतं. गाईचं रक्त, तेही वाळवून बाटलीत भरलेलं, आणि त्यात आपण चमचा घालायचा, हे त्याच्या हाताला जमेना. मन हो म्हणत होतं, हात नाही म्हणत होता.

मग त्यानं विचार केला, आणि तोच घात झाला. त्याला वाटलं, की निरोप तर कुपीत आहे. ही भुकटी वरची. मिठाचं पाणी आपण स्वतः उकळून गाळलेलं, त्याच्याइतकं शुद्ध दुसरं काय असणार? कमी काही घातलं तर बिघडेल, पण घाण कमी घातली तर काय बिघडणार? त्यानं बाटलीचं बूच न उघडता ती परत फळीवर ठेवली, कुपीत शुद्ध मिठाचं पाणी सोडलं, काचेच्या नळ्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवलं. घरी जाऊन त्यानं त्या दिवशी जरा जास्तच वेळ आंघोळ केली.

गणोजीनं रक्त दिलं. पेशी काढल्या, जंतूंशी गाठ घातली, निरोप सोडला, मेणबत्ती लावली, ज्योत विझली. आठवड्यानं काचपट्ट्या रंगवून बाई दुर्बिणीशी बसल्या. जागी झालेली पेशी फुगते, मोठी होते, निळी-जांभळी दिसते. तशी एकही नव्हती. सगळ्या बारक्या, आवळलेल्या, गप्प. बाईंनी काचपट्ट्या उलट क्रमानं पुन्हा पाहिल्या. नंतर चष्मा काढून नुसत्या बसल्या.

गणोजी दाराशी उभाच होता. बाईंनी त्याला सांगितलं, या खेपेला जमलं नाही, कुपी वाटेत खराब झाली असेल. त्यानं ऐकून घेतलं. "कुपीला कशाला बोल लावता, बाईसाहेब," तो म्हणाला. "मला मालूम होतं." आणि तो बागेत पाणी घालायला गेला. त्या दिवशी त्यानं सगळ्या वाफ्यांना पाणी घातलं आणि कुणाशी बोलला नाही.

बाई मात्र स्वतःशी बोलत राहिल्या. मुंबईच्या कस्टममध्ये उन्हात पडली असेल. बर्फ वितळला असेल. "आपण आल्ब्युमिन घातलंय," त्या म्हणाल्या, "नाहीतर म्हटलं असतं काचेनं खाल्लं."

"काचेनं?" मार्तंड म्हणाला.

"अहो, एवढंसं प्रथिन. मोठ्या पातेल्यात थेंबभर तूप घातलं तर वाढायला काही उरतं का? सगळं पातेल्यालाच लागतं. म्हणून आधी दुसरं काहीतरी घालून काचेची भूक भागवायची, मग आपलं तूप. त्या भुकटीचं काम तेवढंच असतं."

काचेच्या त्या रिकाम्या नळ्या तो धुऊन बसला होता. स्वतःच्या हातानं, घासून, वाफेत घालून. गणोजीच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं शुद्धपणे मोरीत ओतलं होतं.

हे सांगून टाकायला हवं, हे त्याला त्याच क्षणी कळलं. पण कळणं आणि तोंड उघडणं यांच्यामध्ये माणसाला बरीच कामं सुचतात. त्यानं कपाटं पुसली, लेबलं बदलली. नोकरी गेली तर, ही भीती होती. पण खरी लाज निराळीच होती. आपल्या ज्या गुणाचं बाईंनी कौतुक केलं, त्यानंच केसानं गळा कापला होता. असे दोन-तीन दिवस गेले. मग एका दुपारी तो भिंतीकडे तोंड करून जेवत असताना गणोजी लांबूनच म्हणाला, "भिया, भावाला चिठ्ठी धाडली. म्हटलं, होळीला माझी वाट नका बघू. आता तपासलंही मशिनीनं."

मार्तंडाचा घास हातातच राहिला. तो उठला, हात धुतले आणि थेट बाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"भुकटी मी घातली नव्हती," तो म्हणाला. "गाईची होती म्हणून. नुसतं मिठाचं पाणी घातलं."

विद्युल्लताबाई मोठ्यानं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. ते जास्त वाईट. त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला सांगितलं असतंत तर मी घातली असती. घातली असं मला वाटू दिलंत, याचं काय करू?" त्यांनी बागेकडे बोट केलं. "त्या माणसाला मी सांगितलं, जमलं नाही म्हणून. त्याचा त्यानं काय अर्थ घेतला, ठाऊक आहे?"

"म्हणून तर आलो," मार्तंड म्हणाला. "दुसरी कुपी आहे. ती तुम्ही करा. मी त्या खोलीत पाऊलही टाकत नाही." दाराशी जाऊन तो पुन्हा वळला. "बाई, काचेची भूक भागवायला गाईचंच लागतं का?"

"तसं काही नाही. बाटली हाताशी होती म्हणून. कोणतंही चालतं. माणसाचंही."

"माणसाचं कुठलंही?"

"एबी गटाचं बरं. त्याची निवळ, गोठल्यावर वर सुटणारं पाणी, दुसऱ्याच्या पेशींशी भांडत नाही." एवढं बोलून त्या थांबल्या. दवाखान्यात कोणाचा गट काय हे त्यांनाही ठाऊक होतं.

मार्तंड शर्टाची बाही वर करत होता. "माझा एबी आहे," तो म्हणाला. "गाईचं मला जमणार नाही, बाई, खोटं कशाला बोलू? माझं घ्या. लागेल तेवढं घ्या."

बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. चिडलेल्या होत्या, आणि त्यांचा हक्क होता. पण संध्याकाळी त्यांनी स्वतः त्याच्या हाताला पट्टा बांधला. आजवर शेकडो हातांना सुई टोचणारा हा गृहस्थ स्वतःच्या वेळेला तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसला. रक्त गोठलं, वर पिवळसर निवळ सुटली, ती गरम पाण्यात ठेवून निर्धोक केली. त्या निवळीचे थेंब मिठाच्या पाण्यात घालून मार्तंडानं, बाईंच्या डोळ्यांदेखत, दुसरी कुपी विरघळवली. त्याआधी बागेत जाऊन त्यानं गणोजीलाही सगळं सांगितलं होतं. गणोजीनं ऐकलं आणि झारी खाली ठेवून आपला दंड पुढे केला. "रागावलात?" मार्तंडानं विचारलं. "रागावून काय करू," गणोजी म्हणाला. "गाईचा मामला आहे. मीही नसतं घातलं."

घरी प्रेमलेला कोपराच्या खळगीतली चिकटपट्टी दिसली. ती अक्कांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आंघोळ होऊन मार्तंड चहाला बसला तेव्हा अक्कांनी विचारलं, आणि दोन वर्षं आवरून धरलेलं सगळं त्यानं एका दमात ओकून टाकलं. कुपी, भुकटी, गाय, गणोजी, रक्त. अक्कांनी कपाळाला हात लावला.

"अरे गाढवा," त्या म्हणाल्या, "औषधाला कसलं आलंय सोवळं?"

"ते औषध नाही, अक्का. नुसतं तपासायला."

"रोग्याच्या कामाचं ना? मग औषधच. मला विचारायचं होतंस! धर्म काय तुम्ही पोरांनी माझ्यामागे चालवायचा?" आणि मग सुनेकडे वळून, "रक्त देऊन आलाय, त्याला दूध दे. चहा कसला देतेस?"

आठवड्यानं बाई दुर्बिणीशी बसल्या. या खेपेला मार्तंड खोलीत थांबलाच नाही. बाहेर व्हरांड्यात गणोजीशेजारी बसला. त्याच्या लक्षात आलं नाही, पण त्या दिवशी त्याचं तोंड भिंतीकडे नव्हतं. आधी बाईंनी बिननिरोपाची काचपट्टी पाहिली. त्यात मार्तंडाची निवळ होती, जंतू होते, निरोप नव्हता. पेशी गप्प होत्या. मग निरोपाची पाहिली. आतून हाक आली ती "गणोजी, या इकडे," अशी, आणि तो बाईंचा नेहमीचा आवाज नव्हता.

गणोजीला एक डोळा मिटून बघायला जमेना. मार्तंडानं त्याच्या डोळ्यावर आपला हात धरला. पांढऱ्या उजेडात बारक्या ठिपक्यांमध्ये मोठ्या, भरलेल्या, जांभळ्या पेशी दिसत होत्या.

"हे कोणाचे?"

"तुमचे," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या उठतील असं नाही. तुमच्या उठल्या. मेल्या नव्हत्या. निरोप पोचत नव्हता, तो आता पोचला."

गणोजी दुर्बिणीवरून डोळा काढीना. "मुर्दा नाही," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. मग त्यानं मार्तंडाचा डोळ्यावरचा हात आपल्या आखडलेल्या बोटांनी धरला आणि लहान पोरासारखा रडला. मार्तंडानं हात काढून घेतला नाही. त्याचेही डोळे भरून आले होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

त्यानंतर जग बदललं असं म्हणाल तर नाही. बाईंचा छोटासा लेख कुठेतरी छापून आला. गणोजी होळीला सरदारपूरला गेला, भावाला सांगून आला, की माझं खून जिवंत आहे, डोळ्यांनी पाहिलं. भावानं ऐकून घेतलं आणि पाणी निराळ्या लोट्यातच दिलं. पण या खेपेला गणोजीनं तो लोटा पालथा घातला आणि विहिरीवर जाऊन ओंजळीनं प्याला. भावाच्या पोरालाही उचलून घेतलं म्हणे. परत येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा मोठ्यानं हसत होता. "मार्तंड भियाच्या खुनावर पोसलोय," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. मार्तंड दुरुस्त करायचा, "अहो, पोसल्या त्या काचेतल्या पेशी." "मग त्या काय तुमच्या होत्या?" गणोजी विचारायचा.

मार्तंडाची मागच्या दारची आंघोळ चालूच राहिली. सवयी काय एका कुपीनं जातात? पण गणोजीनं आणलेले बागेतले पेरू तो घेऊ लागला. आधी धुऊन खायचा, मग नुसते पुसून, मग तेही सोडलं. डबा दोघं एकाच बाकावर बसून खायचे.

एकोणनव्वदच्या श्रावणात गणोजीला झटका आला आणि सकाळी वाफ्यांपाशीच तो गेला. सरदारपूरला माणूस धाडला. भावाकडून उत्तर आलं, की शेतीचे दिवस आहेत, तुम्हीच काय ते उरका. दवाखान्याच्या लोकांनी उरकलं. अग्नी कोणी द्यायचा असा प्रश्न आला तेव्हा मार्तंड पुढे झाला.

तो मागच्या दारानं घरी आला, आंघोळ केली आणि ओसरीवरच बसून राहिला. अक्का आता थकल्या होत्या, देवपूजा मार्तंड करायचा. दुपार झाली तरी देवघरात पाणी पडलं नाही.

"मार्तंडा," अक्का आतून म्हणाल्या, "देव पारोसे राहिलेत रे."

"मी शिवणार नाही, अक्का."

"का? कोण गेलं?"

"गणोजी."

मार्तंडानं वाटभर बोलणं तयार करून आणलं होतं. त्याचं कोणी आलं नाही, कोणी त्याच्या नावानं आंघोळसुद्धा केली नसेल, शास्त्रात नसेल पण मला वाटतं. अक्का काठी टेकत उंबऱ्याशी आल्या. हातातली जपमाळ त्यांनी खुंटीला अडकवली.

"तुझं रक्त दिलं होतंस, तो?"

"त्याच्या अंगात नव्हतं गेलं, अक्का. काचेत—"

"काचेत का होईना. त्याच्या रक्तातलं काही त्यावर वाढलं ना?"

"वाढलं."

"मग दहा दिवस तुलाही आहे आणि मलाही."

"तुला कसं?"

"तुझ्या अंगात ते कुठून आलं? बाजारातून आणलंस?" अक्का म्हणाल्या आणि भिंतीपाशी जाऊन त्यांनी हाक मारली. "मोरोपंत! दहा दिवस आमच्या देवांना तुम्ही पाणी घाला. घरात सुतक आहे."

मोरोपंत लगबगीनं ओट्यावर आले. घाबरले होते. "अरे राम! कोण गेलं हो, अक्का?"

अक्कांनी पदर सारखा केला.

"आमचे धारचे भाऊबंद," त्या म्हणाल्या.